डेलमरची शेवटची तोफ

वेंडेल स्टाउटने माझ्या नवऱ्याची तोफ साडेपाच महिने आपल्या शेडमध्ये अडकवून ठेवली होती, आणि दर वेळी त्याच्याकडे नवं कारण तयार असायचं. एप्रिलमध्ये चाकांचं लाकूड ओलं होतं. मेमध्ये त्याची पाठ धरली. जूनमध्ये म्हणे रंग वाळत नव्हता. ओहायोत जूनमध्ये रस्त्यावरचं डांबर वितळतं, आणि या गृहस्थाचा रंग वाळत नव्हता! मी फोनवर "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच म्हणायचे, पाणी कुठंतरी मुरतंय.

डेलमर फेब्रुवारीत गेला. तोफ जवळजवळ झाली होती. जुन्या लष्करी पहाडी तोफेची लहान प्रतिकृती, अडीच फुटांची नळी, आत पोलाद आणि त्यावर ओतलेलं कांस्य. तोंड लेथवर सपाट करायचं, मागे बत्तीसाठी कान, म्हणजे बारीक भोक, पाडायचा आणि गाडा बांधायचा, एवढंच राहिलं होतं. अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये हॅम सँडविच खाता खाता वेंडेल म्हणाला, "नेल्डा, ती मी पुरी करतो. सप्टेंबरच्या मेळाव्यात पहिली बत्ती तूच द्यायची." मला रडू आलं आणि मी मान हलवली; एप्रिल लागताच तोफ त्याच्या शेडमध्ये गेली. रडताना घेतलेल्या निर्णयांवर माझा एरवी विश्वास नसतो.

आमच्या क्लबात अकरा जण. बहुतेक सगळे पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कुणी मासे धरतं, आम्ही छोट्या तोफा बनवतो आणि गस पोलास्कीच्या गवताच्या रानात उडवतो. आवाज असा होतो की तीन मैलांवरची कुत्री पलंगाखाली जातात. गोळा घालत नाही, नुसती काळी बारूद, पण नुसत्या बारुदीनेही नळी फुटते, आणि फुटली की बाजूला उभ्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून क्लबात तपासनीस असतो. गेली एकोणीस वर्षं ती मी आहे. कारखान्यातही एकतीस वर्षं तेच केलं, दुसऱ्यांनी बनवलेलं घ्यायचं, मोजायचं आणि नापास करायचं.

माझे नियम सगळ्यांना पाठ आहेत. भोक जेवढं रुंद, तेवढी धातूची जाडी चारी बाजूंनी हवी. शेपूट, म्हणजे नळीचं मागचं टोक, वेल्डिंगने बंद हवं, नुसत्या आट्यांवर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतली पोलादी नळी अखंड हवी. पत्रा वळवून, कडा जोडून केलेल्या पाण्याच्या नळ्या मिळतात. आतून घासून गुळगुळीत केल्या की अखंड नळीसारख्याच दिसतात. पण तोफेच्या तोंडाशी पोलादाचं कडं दिसतं ना, ते एमरी कागदाने घासून चमकवून त्यावर पातळ ॲसिडचा बोळा फिरवायचा. जोड असेल तर मिनिटभरात काळपट रेघ उमटते. नसेल तर मी खाली माझा 'एन'चा शिक्का ठोकते. शिक्का नाही, तर रानात पाऊल नाही.

वेंडेललाही मी एकदा पकडलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्याने शेपूट नुसत्या आट्यांनी बंद करून वरून पुट्टी भरली होती. सगळ्यांसमोर त्याला तोफेसकट घरी पाठवलं. तो हसला, पण कान लाल झाले होते. तेव्हापासून तो मनात काहीतरी धरून आहे असं मी डेलमरला म्हणायचे. डेलमर म्हणायचा, "तुला स्वर्गात पाठवलं तर तू दाराची बिजागरी तपासशील."

जुलैमध्ये वेंडेलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाला, "बरं, डेलमरने ती नळी आणली कुठनं? आणि एकच आणली होती का गं?"

"तुला काय करायचंय?"

"सहज विचारलं."

"तू सहज काही विचारत नाहीस, वेंडेल. तोफ कधी देतोस ते सांग."

तो पावसापाण्याचं बोलायला लागला. चाळीस वर्षांची ओळख, पण ताकास तूर लागू देईना. मी ठरवलं की याला डेलमरचा माल कुठून यायचा ते ठिकाण हवंय. मी फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये पीचचा केक केला आणि न सांगता त्याच्याकडे गेले. तो घरी नव्हता. शेड उघडी होती. आत लेथवर एक नळी चढवलेली. डेलमरचं ड्रॉइंग भिंतीवर टाचणीने लावलेलं. मला आधी बरं वाटलं, चला, काम चालू आहे. मग कोपऱ्यातली ताडपत्री उचलली आणि खाली दुसरी नळी. ती डेलमरची होती. कांस्य ओतताना तिच्या पोटाखाली वाटाण्याएवढा खड्डा पडला होता, आणि डेलमर दोन दिवस त्यावरून चिडला होता. तो खड्डा मी डोळे मिटून बोटाने शोधला असता. कान पाडलेला होता, तोंड सपाट केलेलं होतं. म्हणजे ती केव्हाच तयार होती! आणि लेथवरची तिची हुबेहूब नक्कल होती, तेच कंगोरे, तीच लांबी.

माझं डोकंच फिरलं. अस्सल स्वतः ठेवून घ्यायची आणि विधवेच्या तोंडाला पानं पुसायची, असा हा डाव. मी केक उचलला आणि परत घेऊन आले. असल्या माणसाला पीच कशाला?

गसच्या बायकोला, ट्रूडीला, तेवढं सांगितलं. ट्रूडी शाळेची बस चालवायची, आता क्लबात सगळ्यात हौसेने तोफ उडवणारी तीच. तिच्याकडची तोफ डेलमरनेच दोन वर्षांपूर्वी बनवली होती.

"अगं, काहीतरीच काय!" ती म्हणाली. "डेलमरच्या पेटीला खांदा दिलाय त्याने."

"खांदा देणाऱ्याला घरातलं सगळं माहीत असतं."

"नेल्डा, तू एक दिवस माझ्यावरपण संशय घेशील."

"तुझ्या बटाट्याच्या सॅलडवर तर आत्ताच घेतेय," मी म्हटलं, आणि तिने मला फडक्याने मारलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी वेंडेलचा फोन. आवाज खूश. "तोफ तयार! उद्या थेट रानातच आणतो. बघशील तर बघत राहशील."

"कुठली तोफ?" मी विचारलं.

"म्हणजे? डेलमरची." पण उत्तर द्यायला त्याला एक श्वास जास्त लागला. मी तो मोजला.

शनिवारी सात ते आठ वेंडेल गावातल्या हॉटेलात पॅनकेक खातो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. सात वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्या शेडमध्ये होते. कुलूप तो लावत नाही. नक्कल दिसली नाही, ती गाड्यावर चढवून पिकअपमधून नेली असणार. अस्सल ताडपत्रीखालीच होती. हातगाडीवर घातली, फळी टाकून माझ्या पिकअपमध्ये चढवली. वय सहासष्ट, पण राग असला की माणूस काहीही उचलतो. घरी डेलमरचा ओकचा ठोकळा होता, पहिल्या चाचणीला नळी ज्यावर पट्ट्यांनी आवळतात तो. त्यावर ती आवळली. मग खिशातून शिक्का काढला आणि 'एन' ठोकला.

ॲसिडचा बोळा फिरवला नाही. डेलमरची तोफ होती ती. त्याच्या आधीच्या तिन्ही तोफांनाही मी कधी बोळा लावला नव्हता. क्लबात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तपासनीसबाईंच्या नवऱ्याची तोफ, तिच्यात काय खोट निघणार?

दहा वाजता रानात सात तोफा ओळीने लागल्या. मागे दोरी बांधलेली, दोरीपलीकडे बघे, घडीच्या खुर्च्या आणि मक्याची कणसं. मी शेवटी, सातव्या जागी. डावीकडून चौथी ट्रूडी. गस हा मैदानाचा प्रमुख, लाल झेंडा घेऊन उभा. वेंडेल उशिरा आला. गाड्यावर ती चकचकीत नक्कल, आणि तिच्यावर लाल फीत बांधलेली. मला बघितलं, माझ्या ठोकळ्यावरची नळी बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी मनात म्हटलं, सापडला.

"ती कुठनं आणलीस?"

"तू लपवली होतीस तिथनं."

"नेल्डा, ती उडवू नकोस."

"का? अस्सल उडवली की नक्कल उघडी पडेल?"

आजूबाजूचे वळून बघायला लागले. वेंडेलने आवाज खाली आणला. "नंतर सांगतो. तुझ्या पाया पडतो, इथं नको."

"साडेपाच महिने नंतरच ऐकतेय मी. आता सगळ्यांसमोर सांग. माझ्या नवऱ्याची तोफ ताडपत्रीखाली कशाला ठेवली होतीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. मग पाठ फिरवून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, मी मोठ्याने म्हटलं. दोन-चार जण हसले.

गसने झेंडा हलवला. आम्ही बारूद भरली. बारूद ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून पुडी करायची, ती तोंडातून सारायची, गजाने तळापर्यंत दाबायची. गजावर खूण असते, पुडी तळाला टेकली की खूण बरोबर तोंडाशी येते. आली. कानातून सळई घालून पुडीला भोक पाडलं आणि वात खोवली. डेलमर, मी म्हटलं, बघ आता.

तेवढ्यात माझ्या मागून हात आला. वेंडेलने नळी पुसायच्या पोचाऱ्याची बादली उचलली होती. त्याने वात उपटली, कानावर पाणी ओतलं आणि उरलेली अख्खी बादली तोंडातून आत रिकामी केली.

दुसऱ्याच्या भरलेल्या तोफेला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. काही दिसलं तर 'थांबा' ओरडायचं. कुणीही ओरडू शकतं, पण मग बारूद निघाल्यावर कारण सगळ्यांसमोर सांगावं लागतं. वेंडेलला ते सांगायचं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"वेंडेल!" गस धावत आला. "वेड लागलं का तुला? यासाठी माणूस क्लबातनं जातो!"

"ठाऊक आहे. काढा मला."

"कारण तरी सांग!"

"कारण नाही. बाकीच्यांचं चालू दे, गस. आम्ही ही मागे घेतो."

गसने मान हलवली आणि झेंडा घेऊन डावीकडे गेला. मी वेंडेलला काय काय बोलले ते लिहीत नाही. डेलमरने सुद्धा माझ्या तोंडून ते कधी ऐकलं नसेल. आम्ही दोघांनी तो ठोकळा ओढत माझ्या पिकअपमागे नेला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुझी बाटली काढ. तोंडावर बोळा फिरव."

"डेलमरच्या तोफेवर?"

"फिरव."

त्याचं थोबाड बंद करायला म्हणून मी बाटली काढली. पुसलं, एमरी मारली, बोळा फिरवला. आमच्या मागे डावीकडची पहिली तोफ उडाली. मी कड्याकडे बघत राहिले. वरच्या बाजूला, घड्याळात अकरा असतात तिथं, एक काळी रेघ उमटली. नखाएवढी, सरळ. एकोणीस वर्षांत अशा रेघा मी तीनच बघितल्या होत्या आणि तिन्ही वेळा माणसाला घरी पाठवलं होतं.

"तू बदललीस नळी," मी म्हटलं.

"कांस्य ओतलंय गं तिच्यावर. ओतताना कढईची साखळी तूच धरली होतीस. आतली नळी मी कशी काढणार?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हातारा दिसत होता आणि त्याच्या शर्टावर पॅनकेकचं सिरप सांडलं होतं.

"एप्रिलमध्ये तोंड कापलं तेव्हा सवयीने बोळा फिरवला," तो म्हणाला. "तू शिकवलेली सवय. बघितलं आणि मटकन खाली बसलो. शेवटी शेवटी त्याला दिसत कुठं होतं, नेल्डा? कपाट समजून फ्रिज उघडायचा. कुठली नळी उचलली ते त्यालाही कळलं नसेल. म्हटलं, तुला कशाला सांगायचं. दुसरी बनवू, हुबेहूब, आणि ही कापून टाकू. पण कापवेना. त्याच्या हातची होती ना."

मला वाटलं होतं त्याहून उलटं निघालं होतं सगळं. मी चोर धरायला गेले आणि या माणसाने माझ्या नवऱ्याची लाज झाकायला साडेपाच महिने लेथवर पाठ मोडून घेतली होती. मला इतकी शरम वाटली की ठोकळ्यावरच बसले.

"एकच गोष्ट मनात राहिली," वेंडेल म्हणाला. "ती नळी त्याने एकट्या हिच्यासाठीच आणली होती का, ते काही कळेना. तुला विचारलं तर तू फाडून खाल्लंस."

दुसरी तोफ उडाली.

एकटीसाठी नव्हती. सहा फुटांची होती. गॅरेजमध्ये डेलमर करवत चालवत होता आणि दुसरं टोक मी मांडीवर धरलं होतं, हलू नये म्हणून. अर्धी त्याने खुंटीवर ठेवून दिली, ती ही. दुसऱ्या अर्ध्याची त्याच महिन्यात तोफ झाली. ती ट्रूडीने घेतली.

ट्रूडी चौथ्या जागी होती.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही सांगते, लपवून काय करू? मनात आलं की ती तोफ दोन वर्षांत साठ वेळा उडाली आहे, एकसष्टाव्या वेळी काय होणार. संध्याकाळी गुपचूप जाऊन काहीतरी निमित्त सांगू. वेंडेल गप्प राहीलच. डेलमरचं नाव राहील. एवढं सगळं एका श्वासात मनात आलं. तेवढ्यात तिसरी तोफ उडाली आणि धुराच्या पलीकडे ट्रूडी बत्तीची काठी घेऊन वाकताना दिसली. ती नेहमी तोफेच्या फार जवळ उभी राहते, शंभरदा सांगितलं आहे.

"थांबा!" मी ओरडले. "थांबा! ट्रूडी, थांब!"

गसचा झेंडा वर गेला. ट्रूडी तशीच थिजली, काठी वातीपासून हातभर लांब. मी धावले. माझे गुडघे गेल्या दहा वर्षांत धावलेले नाहीत. तिची बादली उचलली आणि कानावर पाणी ओतलं, मग तोंडातून. बारूद भिजून काळं पाणी माझ्या बुटांवर आलं. सळईने पुडी बाहेर काढली, तोंड पुसलं, एमरी मारली. सगळे जमा झाले होते. कुणी काही विचारत नव्हतं, बारूद निघेपर्यंत विचारायचं नसतं. मी बोळा फिरवला आणि बाजूला सरकले, सगळ्यांना दिसावं म्हणून.

रेघ उमटली. पण ही सरळ नव्हती. तिच्या एका टोकातून केसासारखी दुसरी बारीक रेघ बाहेर कांस्यापर्यंत गेली होती. जोड उसवायला लागला होता.

ट्रूडी वाकून बघत राहिली. मग तिने तोफेखाली हात घातला आणि बोटाने चाचपलं. "हिच्यावर तुझा शिक्का आहे."

"आहे."

"मग?"

मागून वेंडेल पुढे आला. "ट्रूडी, ती नळी मीच डेलमरला दिली होती. चूक माझी आहे. आट्यांवर पुट्टी भरणारा माणूस मी, तुम्हाला ठाऊकच आहे." तो हसायला बघत होता. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नाही, आणि मी साडेपाच महिने त्यालाच लबाड समजत होते.

"तो खोटं बोलतोय," मी म्हटलं. "नळी डेलमरने आणली, आणि कापताना मी धरली होती. मी ही तोफ तपासलीच नाही, ट्रूडी. तुमच्या सगळ्यांच्या तपासल्या. डेलमरच्या चारही नाही तपासल्या. माझा नवरा होता म्हणून. शिक्का तेवढा मारला."

"साठ वेळा," ट्रूडी म्हणाली. "नेल्डा, मी साठ वेळा हिच्याशेजारी उभी राहिलेय."

मी मान हलवली. डेलमर गेला त्या दिवशीसुद्धा मला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

गस घसा खाकरून म्हणाला, "त्याच्या आणखी दोन आहेत ना ओळीत? त्याही बघायला हव्यात."

"दोनच का?" ट्रूडी म्हणाली. "शिक्का सगळ्यांवर हिचाच आहे. सगळ्या बघायच्या. वेंडेल, तू बाटली धर, मी बोळा फिरवते. तुझीपण मीच बघणार."

"बघ की," वेंडेल म्हणाला.

तिने माझ्यापुढे हात केला. मी बाटली दिली, एमरी दिली, आणि खिशातला शिक्का काढून तोही दिला. तो तिने बघितला नाही, नुसता गसकडे दिला. मी ओळीतल्या पहिल्या तोफेकडे निघाले, पोचारा घेऊन. निदान तोंडं पुसून देईन म्हणून.

"नको, नेल्डा," ट्रूडी म्हणाली. आवाजात राग नव्हता, परक्या माणसाला सांगतात तसं सांगितलं. "तू दोरीपलीकडे उभी राहा."

मी पोचारा बादलीत ठेवला आणि दोरीपलीकडे जाऊन उभी राहिले.